नळदुर्गची भिंत आणि आपला विश्वास

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने किल्ल्यावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. बुरुजांची मापं सांगणारे जाणकार आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ते आमच्यापेक्षा नीट सांगतात. आम्ही बोलणार आहोत ते एका भिंतीबद्दल. ही भिंत नळदुर्गच्या किल्ल्यात आहे, चारशे वर्षं पाणी अडवून उभी आहे आणि तिच्या पोटात माणसांना बसायला महाल आहे. त्या महालात थोडा वेळ बसलं, की आमच्या विषयातला एक जुना प्रश्न समोर येऊन बसतो. विश्वास ठेवणं म्हणजे नेमकं काय करणं?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, की सुमारे 45 किलोमीटरवर नळदुर्ग येतं. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. काळा खडक, उघडे माळ आणि मध्ये बोरी नदीने कापलेली खोल घळ. याला वाळवंट म्हणता येणार नाही, पण पाण्याच्या बाबतीत इथल्या माणसाचं मन वाळवंटातल्या माणसासारखंच सावध असतं. 1972 साली खडी फोडायला गेलेल्या आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला हे सांगायला नको. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तर तुम्हा सर्वांना आठवत असेल.

कोरड्या मुलखातल्या किल्ल्याचा खरा प्रश्न तटाचा नसतो, पाण्याचा असतो. तिकडे मृत समुद्राच्या काठी मसादा नावाचा किल्ला आहे. हेरोद राजाने तिथे डोंगरात मोठमोठी टाकी खोदून ओढ्यांना येणारं पुराचं पाणी साठवलं. पुढे इसवी सन 73-74 च्या सुमारास रोमन सैन्याने तो किल्ला घेतला. आत 960 माणसांनी शरण जाण्याऐवजी मरण पत्करलं, असं जोसेफस हा इतिहासकार लिहितो. किल्ला आणि श्रद्धा हे दोन शब्द एकत्र आले, की जगभर मसादाचीच गोष्ट सांगितली जाते, म्हणजे श्रद्धेसाठी मरण्याची. आम्हाला आज बोलायचं आहे ते श्रद्धेने जगण्याबद्दल, रोजच्या साध्या विश्वासाबद्दल. त्यासाठी नळदुर्ग अधिक उपयोगी आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. परंपरा या जागेचं नातं नळराजा आणि दमयंतीशी जोडते. कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत किल्ल्याची आठवण मागे जाते. मग बहमनी आले आणि बहमनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही. आदिलशाहीने याचं नाव शहादुर्ग ठेवलं, पण लोकांच्या तोंडी नळदुर्गच राहिलं. 1686 मध्ये विजापूर पडलं आणि किल्ला मोगलांकडे गेला, नंतर निजामाकडे. 1853 च्या तहाने हा जिल्हा काही वर्षं इंग्रजांकडे होता. तेव्हा इथला कारभार कर्नल मेडोज टेलर बघत असे. चांदबिबीवर कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. 1860 मध्ये जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं. त्याच दिवशी या भागात हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

म्हणजे बघा, राज्यं आली आणि गेली. 114 बुरूज मोजले जातात. उपल्या बुरुजावर तोफा आहेत, नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आहे. पण माणसं तिकीट काढून जातात ती पाण्याची भिंत बघायला.

बोरी नदी किल्ल्यातून वाहते. एका बाजूला नळदुर्ग, पलीकडच्या टेकडीवर रणमंडळ. या दोघांना जोडणारी, नदीच्या आडवी घातलेली दगड-चुन्याची भिंत म्हणजे हे धरण. पाणी तटापाशी साठतं, तेच खंदकाचं काम करतं, आतल्या माणसा-जनावरांना प्यायलाही पुरतं. जादा पाणी जायला दोन सांडवे आहेत. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आता नदीच्या वरच्या अंगाला नव्या काळातलं बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागलं, की इथले नर-मादी कोसळायला लागतात आणि सोलापूर-लातूरकडून गाड्यांची रीघ लागते.

आम्ही गेलो तेव्हा दोन्ही चालू होते. भिंतीच्या माथ्यावरून चालत गेलं, की एका ठिकाणी खाली उतरणारा अरुंद जिना लागतो. उतरत जायचं. प्रत्येक पायरीला आवाज वाढतो, हवा गार होते. मग एकदम कोरीव कमानींची छोटी दालनं लागतात. हाच पाणीमहाल. बाहेरच्या बाजूला झरोका आहे आणि त्या झरोक्यासमोरून पाण्याचा पडदा खाली कोसळत असतो. आपण मात्र कोरडे. पाठीमागच्या भिंतीला हात लावला आणि लक्षात आलं, की या दगडांच्या पलीकडे सगळा तलाव आहे. आपल्या डोक्याच्या वर पाण्याची पातळी आहे. भिंत अर्धवट तुटली, तर पळायला वेळसुद्धा मिळणार नाही.

आमच्याबरोबर आलेली मंडळी फोटो काढण्यात गुंतली होती. आम्ही मात्र तिथेच बसून राहिलो, आणि खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं भीतीच वाटली. नंतर विचार आला, की ज्याने हे बांधून घेतलं तो स्वतः इथे येऊन बसला असेल, तेव्हा त्याच्या मनात काय असेल?

आतला फारसी शिलालेख बांधणाऱ्याचं नाव सांगतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, हिजरी 1022 म्हणजे इसवी सन 1613 मध्ये, मीर इमादीन याने हे काम केलं. हा इब्राहिम म्हणजे इतिहासातलं एक नवल आहे. 1580 मध्ये लहान वयात तख्तावर आला, 1627 पर्यंत राज्य केलं. गाण्याचा वेडा. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याचा पदांचा ग्रंथ. त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, पैगंबर आहेत आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराजही आहेत. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याच्या कारभारात मराठी हिशेबनीस होते.

कुणी म्हणेल, की राजाची हौस होती, त्यात विश्वासाचा काय संबंध? हौस होतीच. पण बागेतला महाल बांधायला नुसती हौस पुरते, धरणाच्या पोटातला महाल बांधायला विश्वास लागतो. आणि तो विश्वास कुणावर? अल्लावर होता, सरस्वतीवर होता, हे खरंच. पण त्याशिवाय तो मीर इमादीनच्या हिशेबावर होता. दगड घडवणाऱ्या पाथरवटांवर होता, चुना घाणीत पुरेसा मळला की नाही हे बघणाऱ्या गवंड्यांवर होता. त्यांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत. त्यांनी दिलेला शब्द चारशे पावसाळे टिकला आहे.

इथे आम्हाला एका इंग्रज माणसाची आठवण झाली. विल्यम क्लिफर्ड नावाचा गणिती होता. 1877 मध्ये त्याने श्रद्धेच्या नीतिमत्तेवर एक निबंध लिहिला. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो अजून शिकवतात, आम्हीही पस्तीस वर्षं शिकवला. त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, दुरुस्ती लागणार हे मालकाला कळतं. पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो, की इतक्या सफरी झाल्या, देव आहे, हीही सफर होईल. देशांतराला निघालेल्या बायका-मुलांनी भरलेलं जहाज तो सोडतो. जहाज बुडतं आणि मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड विचारतो, याचा विश्वास अगदी मनापासूनचा होता, म्हणून तो निर्दोष ठरतो का? आणि पुढे म्हणतो, जहाज बुडालं नसतं तरी तो तेवढाच दोषी होता, कारण तसा विश्वास ठेवण्याचा हक्कच त्याला नव्हता. विशेष म्हणजे क्लिफर्ड स्वतः 1870 मध्ये सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून वाचलेला माणूस होता.

वर्गात शिकवताना एक गोष्ट आमच्या कधी लक्षात आली नव्हती, ती पाणीमहालात आली. क्लिफर्डचा मालक स्वतः जहाजात बसत नाही! इब्राहिम आपल्या भिंतीत बसतो. विश्वास खरा की सोयीचा, हे ओळखायची एक साधी खूण त्यात आहे. ज्यावर तुमचा विश्वास आहे त्यात तुम्ही स्वतः बसता, की दुसऱ्याला बसवता?

आपल्याकडच्या नैयायिकांनी हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गाठली होती. ज्ञानाचं एक साधन म्हणजे शब्द, पण कुणाचा? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक हा अर्थ मराठीत रुळला, मूळ अर्थ तो नाही. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, असा माणूस. आणि तो पुढे म्हणतो, की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखंच लागू आहे. बघा, केवढी मोठी गोष्ट तो सहज सांगून गेला. मीर इमादीन आप्त आहे, तो अनामिक गवंडीही आप्त आहे. जहाजमालकाला सगळं माहीत आहे, पण जसं आहे तसं सांगण्याची इच्छा नाही. म्हणून तो आप्त नाही.

इथपर्यंत आम्ही तुम्हाला सुखाच्या भिंतीची गोष्ट सांगितली. आता दुसऱ्या भिंतींची सांगायला हवी. या व्याख्यानाचं खरं कारण तेच आहे.

नळदुर्गहून पूर्वेला तास-दीड तासावर सास्तूर आहे, पुढे लातूर जिल्ह्यात किल्लारी. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली आणि सुमारे 10 हजार माणसं गेली. आम्ही तेव्हा सोलापूरला शिकवत होतो. दसऱ्याच्या आधी काही प्राध्यापक आणि विद्यार्थी मदतीला सास्तूरकडे गेलो. आमच्यासोबत स्थापत्य अभियांत्रिकीचे एक सहकारी होते. पडलेली घरं बघून त्यांनी आम्हाला समजावलं. ही माळवदाची घरं. दोन-अडीच हात जाडीच्या दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहावं, पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती. त्यामुळे छप्पर वर्षागणिक जड होत गेलेलं. आणि भिंत बाहेरून जाड दिसली, तरी आतून ती दोन पातळ भिंतींची जोडी होती. मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चिखल. या दोन बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. धक्का बसला तशी एक बाजू आत पडली, दुसरी बाहेर, आणि छप्पर मध्ये.

जाड भिंतीवर माणसांचा केवढा भरवसा! आपल्याकडे म्हण आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा. पण तिथे ती आठवायचीसुद्धा लाज वाटली.

पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारी बसली होती. घरातली चार माणसं गेलेली. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर तिने विचारलं, “गुरुजी, तुमी शिकल्याले मानसं. खरं सांगा, ह्ये देवानं केलं का भिंतीनं?”

आमच्याकडे तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट होती. ईश्वर चांगला असेल तर जगात दुःख का, या प्रश्नावर आम्ही तासन्‌तास बोलू शकत होतो. एक अक्षर तोंडातून निघालं नाही. आम्ही मान खाली घातली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “देव ऱ्हाऊ द्या त्येच्या जागी. भिंत तेवढी बदला.” आणि मग, जणू बाजाराचं बोलावं तशी, पौषात मैलारपूरला खंडोबाला जायचंय असं म्हणाली.

तीस वर्षं झाली. तिचा प्रश्न आम्ही उगाळत राहिलो आणि तिचं उत्तर मात्र विसरलो. पंडितांचं हे असं असतं.

चूक कुणाची होती, हे बोलताना जपून बोलावं लागतं. गेलेली माणसं जहाजमालक नव्हती, ती जहाजातच होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वात सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता. पण आदल्या वर्षी, 1992 मध्ये, इथे धक्के जाणवले होते. ते कळूनही ज्यांना भिंती तपासता आल्या असत्या, भिंतीत आरपार दगड घाला असं सांगता आलं असतं, त्या सगळ्या शिकलेल्या माणसांना क्लिफर्डचा प्रश्न लागू होतो. त्या माणसांत आम्हीही आलो. सोलापुरातल्या घरी वर्तमानपत्रात धक्क्यांची बातमी वाचून आम्ही चहा संपवला होता.

आता मैलारपूरकडे वळतो. नळदुर्गच्या खंडोबाचं हे ठाणं. दमयंतीच्या भक्तीमुळे देव इथे आला अशी कथा आहे, आणि खंडोबा-बाणाईचं लग्न इथेच लागलं अशी श्रद्धा आहे. पण आम्हाला विशेष वाटते ती वेगळीच गोष्ट. हा देव दोन गावांचा आहे. नळदुर्ग आणि हैदराबादच्या रस्त्यावरचं अणदूर, दोघांत मिळून एक मूर्ती. सव्वादहा महिने देव अणदुरात राहतो, पावणेदोन महिने मैलारपुरात. मार्गशीर्षात देव इकडे येतो, पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, मग देव परत जातो. आणि हे नेणं-आणणं दोन्ही गावांच्या मानकऱ्यांच्या लेखी कराराने होतं.

आमच्या एका नास्तिक मित्राला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “देवाच्या बाबतीतही यांचा एकमेकांवर विश्वास नाही, कागद लागतो!” आम्हाला नेमकं उलट वाटतं. कागद आहे म्हणूनच विश्वास आहे. अणदूरकरांनी आपला देव दुसऱ्या गावाला द्यायचा आणि रिकाम्या गाभाऱ्यासमोर पावणेदोन महिने थांबायचं. नळदुर्गकरांनी वेळ झाली की देव परत पाठवायचा, मनात कितीही असलं तरी. दोघांनी जोखीम घेतलेली आहे, दोघेही भिंतीत बसलेले आहेत. करार म्हणजे त्या भिंतीतला आरपार दगड. आतली भक्ती आणि बाहेरचा व्यवहार यांना तो बांधून ठेवतो. ज्या श्रद्धेत असा दगड नाही, ती बाहेरून कितीही जाड दिसली तरी मध्ये चिखलच असतो.

श्रद्धा म्हणजे शंका न घेणं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. आणि बुद्धिवादी मंडळीही तोच अर्थ धरून श्रद्धेला झोडपतात. त्या म्हातारीला तसं वाटत नव्हतं. तिने देव सोडला नाही आणि भिंतीलाही माफ केलं नाही. भिंत तपासली म्हणून देवाचा अपमान होत नाही, एवढं तिला कळत होतं. देवाचं नाव पुढे करून भिंत तपासायची टाळणं, हा मात्र तिच्या हिशेबाने अपमान ठरला असता, असं आम्हाला आज वाटतं.

शेवटी एक लहानशी गोष्ट सांगतो. पाणीमहालातून वर आलो तेव्हा भिंतीच्या माथ्यावर एक कामगार दगडांच्या सांध्यांतलं गवत काढत होता. एका फटीत पिंपळाचं वीतभर रोप होतं. आपल्याकडे पिंपळ कुणी उपटत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याचं मूळ वाढलं तर दगड सुटतात, हेही त्याला ठाऊक होतं. त्याने जरा वेळ रोपाकडे बघितलं, हात जोडले, “माफी कर देवा” असं पुटपुटला आणि मुळासकट हळूच ओढून काढलं. ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. कुठे नेणार, आम्ही विचारलं. म्हणाला, “माळावर लावतो. तिथं मोकळी जागा हाय.”

आम्ही त्याला नमस्कार केला. तो जरा बुजला आणि पुढच्या सांध्याकडे वळला. अजून बरीच भिंत बाकी होती. इथे आम्ही थांबतो.